चंद्रीचे डोळे

पेणच्या पोपटशेठच्या कारखान्यात गणपतीचे डोळे दिपिका आखते, हे आळीत सगळ्यांना माहीत आहे. तीच दिपिका मारामारीची चित्रपुस्तकं काढते हे थोड्यांना माहीत आहे, आणि त्यांतले निम्मे नाक मुरडतात. बाईमाणसानं देवाचे डोळे आखावेत, घरी जाऊन भाकऱ्या थापाव्यात, फार तर रांगोळीच्या स्पर्धेत नंबर काढावा. कागदावर लोकांचे जबडे कसले फोडते ही? पण तिनं फोडले, आणि असे फोडले की रोह्या-नागोठण्याच्या कॉलेजातली पोरं पुस्तकं एकमेकांच्या हातातून हिसकावून वाचायची. तीन पुस्तकं अशी गेली. चौथ्यानं माती खाल्ली, आणि ही त्या चौथ्याचीच गोष्ट आहे.

ह्या उद्योगाला तिला लावलं तिच्या मामेभावानं. आदेश रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे डुलक्या काढत तेव्हा हा मोबाईलवर जपानी मांगा वाचत बसायचा. त्यातली ती काळीपांढरी चित्रं, चौकटीच्या बाहेर झेपावणारी माणसं, पानभर एकच ठोसा. एक दिवस पेणला दिपिकाच्या घरी येऊन म्हणाला, "आपल्या खाडीकाठच्या खारेपाटात असा एक हिरो का नाय? मी गोष्ट लिवतो, तू चित्रं काढ." दिपिकानं आधी त्याला वेड्यात काढलं आणि मग रात्रीच्या जेवणाची भांडी तशीच ठेवून पहिलं चित्र काढलं.

त्यातून आला 'उधाणाचा भैरू'. खाडीचा बांध राखणारा गडी, उधाणाच्या भरतीला बांध फोडायला येणाऱ्या टोळीला चिखलात लोळवणारा. पनवेलच्या एका लहान प्रकाशकानं छापला. भैरूचं काम चोख होतं, पण खरा जीव ओतला गेला तो दुसऱ्या पुस्तकात, चंद्रीवर. चंद्री म्हणजे मिठागरावर काम करणारी बाई. मीठ ओढायचं लाकडी फावडं घेऊन जेमतेम आठ पानं येते, तोंडातून एक शब्द काढत नाही, टोळीच्या म्होरक्याकडे नुसती बघते आणि म्होरक्या दोन पावलं मागं सरतो. पोरं भैरूला विसरली. जो तो विचारायला लागला, चंद्री परत कधी येणार?

चंद्री आली कुठून हे फक्त तिघांना ठाऊक होतं. एक दिपिका, दुसरा आदेश आणि तिसरी दिपिकाची आई, गोदूबाई.

गोदूबाई तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होती. दिपिका तेव्हा बांधावरच्या झोळीत. भर उन्हाळ्यात, पाय मिठानं फाटलेले असताना, मुकादमानं बायकांचा पिण्याच्या पाण्याचा मडका लाथेनं कलंडवला. का, तर कामाच्या मध्ये पाणी प्यायला उठतात म्हणून. बायका मान खाली घालून उभ्या राहिल्या. गोदूबाई फावडं घेऊन त्याच्यासमोर गेली. तो मागं मागं जात मीठ पिकवायच्या कोंडीच्या खाऱ्या पाण्यात गुडघाभर उतरला आणि तिथून जी धूम ठोकली ती पुन्हा त्या मिठागरावर फिरकला नाही. पण बाईनं मुकादम पळवला असं गावात सांगायचं कुणी? संध्याकाळपर्यंत गोष्ट फिरली ती अशी, की जनूनं मुकादमाला पळवला. जनू, गोदूबाईचा नवरा, त्या दिवशी मासळी घेऊन पेणच्या बाजारात बसला होता. त्यानं आधी नाही म्हटलं, मग गप्प बसला, आणि पुढं पुढं स्वतःच चावडीवर रंगवून सांगायला लागला. मरेपर्यंत सांगत राहिला. गोदूबाई चुलीपाशी बसून ऐकायची. नवऱ्याला लोकांत खोटं कसं पाडायचं? तिनं ते गिळलं, पण पचवलं मात्र कधीच नाही.

दिपिकाला तिनं एकदाच सांगितलं होतं. "फावडा लागलाच नाय त्याला. मी निस्ती बघला त्याच्याकडं. माज्या डोल्यांनी पलाला तो."

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ते डोळे मिळवायला दिपिका आईकडे जाऊन राहिली होती. गणपती होऊन गेलेले, कारखान्यातून सुटी. अंगणात आईसमोर कागद घेऊन बसायची आणि मुद्दाम काडी लावायची, "बाबांनीच पळवला ना गो मुकादमाला?" गोदूबाई सुकी कोलीम मासळी निवडता निवडता मान वर करायची. तेवढ्या क्षणात दिपिका डोळे टिपून घ्यायची. आधी डोळे, मग त्यांच्याभोवती चेहरा, मग चेहऱ्याला शोभेल असं अंग. तिन्ही पुस्तकं तिनं अशीच काढली, डोळ्यांपासून सुरुवात करून.

गोदूबाईला वाचता येत नाही. दुसरं पुस्तक घरी आलं तेव्हा तिनं पानं उलटत उलटत चंद्रीवर बोट ठेवलं.

"ही मी हाय."

"व्हय आये, तूच."

"मंग आठच पानं? अख्खा पुस्तक कर गो माजा. मुकादमाचा. तोंडानं लोक काय बोलतात ते बोलू दे. चित्रात तरी दिसू दे लोकांना, कोन व्हता तिथं."

पुढं बरेच दिवस ते पुस्तक तिच्या उशाशी असायचं. शेजारची विमलबाई आली की ती पान उघडून दाखवायची आणि विमलबाई "व्हय गो, डोले तुजेच" म्हणायची. एवढ्यावर म्हातारी दिवसभर खूश. म्हणून चंद्रीचं वेगळं पुस्तक, ज्याला आदेश मोठ्या ऐटीत 'स्पिन-ऑफ' म्हणायचा, ते नुसतं पोरांच्या मागणीपोटी निघालेलं नव्हतं. आईचा राग बापाच्या नावावर जमा झाला होता. तो काढून आईच्या नावावर करायचा, एवढंच दिपिकाच्या मनात होतं. तिच्या आयुष्यात ह्याहून मोठं काम तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

आणि तेच तिनं घालवलं. स्पष्ट बोलायचं तर पाट्या टाकल्या.

प्रकाशकाला पुस्तक दिवाळीला हवं होतं. मागची पुस्तकं खपली म्हणून तो आता साहेबासारखा बोलायला लागला होता. दिवाळीला पुस्तक म्हणजे श्रावणात चित्रं पूर्ण, आणि श्रावणात पेणच्या कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. रांगेनं मूर्ती उभ्या, अंगरंग झालेले, दागिने झालेले, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. डोळे शेवटी, ही कारखान्याची रीत. आधी सगळ्यांची अंगं, मग सगळ्यांची सोवळी, मग दिपिका ब्रश घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळे आखत जाणार. पोपटशेठनं तिला पहिल्या वर्षीच बजावलं होतं, "राग-बिग दाराबाहेर चपलेपाशी ठेवायचा आणि मग ब्रश धरायचा. लोकांच्या घरात देव बसणार हाय." ती शिकवण तिच्या हातात पक्की मुरली होती.

दिपिकानं प्रकाशकाला नाही म्हणायला हवं होतं. "गणपती झाल्यावर काढते," एवढं एक वाक्य. पण पुस्तकाच्या पोस्टरवर नाव बघायची घाई तिलाही झाली होती, हे कशाला लपवायचं? ती हो म्हणाली, आणि एवढी पानं ह्या दिवसांत कशी व्हायची ह्यावर तिला तोडगा सुचला तो कारखान्याचाच. आधी सगळ्या पानांवरची अंगं काढून टाकायची. अंगं तरी नवी कशाला, मागच्या पुस्तकांतले पवित्रे होतेच, तेच थोडे वाकवून पुढं ढकलले. चंद्री फावडं उगारते, चंद्री वळते, मुकादम पडतो. चेहरे सगळे कोरे. डोळे शेवटी, एका बैठकीत.

मधल्या काळात गोष्टीनंही वळण घेतलं. आदेशनं आधी लिहिली होती ती साधी, मडका, उन्हाळा, बायका आणि मुकादम. प्रकाशक म्हणाला, ह्यात ॲक्शन कुठाय? भैरू कुठाय? लोक भैरूला बघायला पैसे देतात. मग मुकादमाच्या मागं गुंड आले, मिठागराच्या कडेला केमिकलची टाकी आली, ती फुटली, आणि शेवटच्या पानांत चंद्री खाली पडलेली असताना भैरू उडी मारून आला आणि त्यानं मुकादमाला लोळवलं.

"आदेश, अरे आईची गोष्ट हाय ही," दिपिका म्हणाली. "भैरू तिथं नव्हता. बाबाही नव्हते."

"आत्याला काय वाचता येतं?" आदेश म्हणाला. "आणि चंद्री हाय ना सगळ्या पानांवर. हे होऊन जाऊ दे. मग आपल्या मनासारखं करू एक."

असली वाक्यं बोलणाऱ्याला बरी वाटतात आणि ऐकणाऱ्यालाही, हीच त्यांची खोड. दिपिकानं भैरूची पानं काढायला घेतली.

श्रावणाच्या शेवटी एका दुपारी, कारखान्यात जेवणाची सुटी झाली तेव्हा, तिनं सगळी पानं मूर्तींच्या फळीवरच पसरली. सकाळपासून ती डोळेच आखत होती. हाताला तेच वळण लागलेलं होतं. एका टोकापासून सुरुवात केली आणि बाकीच्या बायका जेवून ताक प्यायला उठेपर्यंत अर्ध्या पानांना डोळे आले. बायका वाकून बघायला लागल्या. "काय गोड काढलंस गो!" पोपटशेठनंही येता जाता मान डोलावली, "हात बसला तुझा." दिपिका सुखावली. रागात असलेल्या बाईचे डोळे कुणाला गोड वाटतात का, हा प्रश्न तिला त्या घडीला पडला नाही. उरलेली पानं तिनं दुसऱ्या दिवशी उरकली.

दिवाळीत पुस्तक आलं. कव्हर चकचकीत, वर मोठ्या अक्षरांत 'चंद्री'. पोरांनी पहिल्या दिवशी उड्या मारल्या आणि चार दिवसांत तोंडं वाकडी केली. नागोठण्याचा साईराज म्हणून एक पोरगा पुस्तकांवर व्हिडिओ करतो. मागच्या तिन्ही पुस्तकांना त्यानं डोक्यावर घेतलं होतं. ह्या वेळी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "मागच्यांची सर नाही, मित्रांनो. अंगं जुनी, गोष्ट जुळवलेली, हे एकवेळ चालवून घेऊ. पण डोळे बघा! चंद्री फावडं मारतेय की प्रसाद वाटतेय? मुकादमसुद्धा मार खाताना आशीर्वाद देतोय." खाली हसण्याच्या चिन्हांची रांग लागली.

दिपिका पेटली. काल मिसरूड फुटलेला पोरगा, आयुष्यात रेघ ओढली नाही आणि चालला शिकवायला! तिनं त्याला दाखवून द्यायचं म्हणून दुसरं पुस्तक बाहेर काढलं, चौथं काढलं, आणि चंद्रीची पानं शेजारी शेजारी ठेवली.

दुसऱ्या पुस्तकात चंद्रीच्या बुबुळांवर वरची पापणी दाबून बसली होती. नजर सरळ, समोरच्याच्या आरपार. चौथ्या पुस्तकात पापण्या अर्ध्या मिटलेल्या, कमळाच्या पाकळीसारख्या लांब, बुबुळं जराशी खाली झुकलेली, वर पांढरा ठिपका. भक्तानं समोर हात जोडून उभं राहावं आणि त्याला वाटावं देव आपल्याकडेच बघतोय, असे डोळे. पानापानावर. चंद्रीला तेच, बायकांना तेच, गुंडांना तेच. लाथ घालणारा मुकादमही करुणेनं ओथंबलेला. पेणच्या कुठल्याही कारखान्यातला माणूस हे दुरून बघून ओळखेल, आणि तिनं स्वतःच्या हातानं काढून, तपासून, पाठवून दिलं होतं.

तिनं आदेशला फोन लावला.

"तुला दिसलं व्हतं का रे?"

आदेश म्हणाला, "दिसलं व्हतं."

"मंग बोलला का नाय?"

"छपाईला जायचं व्हतं. परत सगळे डोळे काढायला तुला कुठं टाइम व्हता? आणि मला वाटलं, एवढं कोन बघतं."

"मेल्या, डोळ्यांचीच गोष्ट व्हती ती!" दिपिका ओरडली. रिक्षा धुवत असलेला तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला. "आईला अजून दाखवू नको. मी परत काढते. परत छापायला लावते. तोवर तिच्या हाती पडता नये."

"भाऊबिजेला आम्ही गेलो व्हतो ना आत्याकडं," आदेश म्हणाला. "तवाच दिलं."

दिपिकानं फोन आपटला. आदेशचा तिला मनापासून संताप आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. पर्समध्ये काळं ब्रशपेन टाकलं आणि मिळेल त्या एसटीनं ती गावी निघाली. छापील पुस्तक तर छापील पुस्तक. आईच्या एका प्रतीत तरी ती डोळे नीट करणार होती. पापणी खाली ओढायची, बुबुळ वर सरकवायचं, पांढरा ठिपका बुजवायचा. काळ्यावर काळं, जमेल तसं. भैरूची शेवटची पानं फाडून टाकायची. जगाचं काय व्हायचं ते होवो, आईच्या पुस्तकात मुकादम आईलाच भिऊन पळाला पाहिजे.

घरात शिरली तर उशाशी जुनी तीन पुस्तकं होती, कडा फुगलेल्या, हळदीच्या बोटांचे डाग पडलेल्या. चौथं तिथं नव्हतं. ते देव्हाऱ्यात होतं. गणपती आणि खंडोबाच्या टाकाच्या मध्ये भिंतीला टेकवून उभं केलेलं, कव्हरवरच्या चंद्रीच्या कपाळाला कुंकू, समोर झेंडूचं फूल.

"आये, ह्यो हितं कशाला ठेवला?"

"मंग कुठं ठेवू?" गोदूबाई तांदूळ पाखडत होती. "देवाची चित्रा हान त्यात. उशाशी घेऊन झोपू? पाय लागंल."

"देव नाय गो. तू हायस ती. मुकादमाची गोष्ट. तूच सांगितलीस ना?"

गोदूबाईनं सूप खाली ठेवलं. उठली, हात पदराला पुसले, पुस्तक देव्हाऱ्यातून काढून कपाळाला लावलं आणि उघडलं. एकेक पान बघत गेली. दिपिका तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चंद्री उभी आहे ते पान आलं तेव्हा म्हातारीनं बोट ठेवलं, जसं दुसऱ्या पुस्तकात ठेवलं होतं, पण ह्या वेळी ते लगेच उचललं.

"असा बघला असता ना मी त्याच्याकडं," ती म्हणाली, "तर तो पाया पडला असता माज्या. पलाला नसता."

मग शेवटची पानं आली. चंद्री जमिनीवर, भैरू हवेत, मुकादम चिखलात. वाचता येत नसलेल्या माणसालाही कळावं असंच ते काढलेलं होतं, दिपिकाचं कामच तसं.

"हितं पन बाप्याच आला," गोदूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "विमलीला दाखवला मी. ती बोलली, बघ गोदू, तुजी पोरगी पन तेच सांगतेय. जनूनंच पलवला." तिनं पुस्तक मिटलं. "असल मंग. एवढी माणसा बोलतात, तू पन काढलंस. मनाच नीट आठवत नसंल. म्हातारी झाले."

"आये, नाय! माझं चुकलं. घाईत केलं मी. आन इकडं, आता नीट करते." दिपिकानं पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं, खाली बसली, पर्समधून ब्रशपेन काढलं, दातांनी टोपण उपसलं आणि कव्हरवरच्या चंद्रीच्या डाव्या पापणीवर टोक नेलं.

मनगटावर पकड बसली. मिठानं, चिखलानं, लाकडी दांड्यानं घडवलेला हात, अजूनही तसाच.

"देवाच्या डोल्यांना परत हात लावतात? तू पेनची आखनारीन ना गो? तुना कोनी शिकवला नाय?"

दिपिकानं मान वर केली आणि तिला ते डोळे दिसले. अंगणात काड्या लावून चोरून टिपलेले नव्हेत, पुरते. पापणी दाबून बसलेली, नजर सरळ, आरपार. दुसऱ्या पुस्तकातली चंद्रीसुद्धा ह्यापुढं फिकी होती. आयुष्यभर ज्यांच्याबद्दल ऐकलं, ज्यांच्यासाठी हे पुस्तक मांडलं, ते डोळे आता हे पुस्तक राखायला उभे होते, आणि समोर मुकादमाच्या जागी दिपिका होती.

तिच्या हातून पुस्तक सुटलं. आपण उठलो कधी आणि मागं सरायला लागलो कधी, हे तिला कळलं नाही. पाठ दाराच्या चौकटीला लागली तेव्हा ती थांबली. गोदूबाईनं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, पुन्हा गणपतीशेजारी टेकवून उभं केलं आणि देवाची माफी मागून दिवा लावला.